काटा जरासा नांदेडकडं

आधी गिरिजाअक्कांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. त्यांनी हात दिला नसता तर बेंगळुरूला ज्या टेबलाशी बसून मी आज घड्याळं दुरुस्त करते, तिथं दुसरंच कुणी बसलेलं असतं. हे लिहायलाही त्यांनीच बसवलं. मी आठवी शिकलेली बाई, पेपरात कसं लिहितात मला काय माहीत, असं म्हटलं तर फोनवर म्हणाल्या, "जसं बोलतीस तसं लिही. बोलायला तुला कुनी शिकवलं व्हतं का? तरी थांबतीस का कधी?"

तर अक्कांचे यजमान, लातुरातले घड्याळं दुरुस्त करणारे शिवलिंगअप्पा, गेले. दसऱ्याच्या थोडं आधी. सकाळी मी मिस्टरांचा डबा भरत होते आणि फोनवर अक्कांचं नाव दिसलं. मला लहानपणापासून धास्तीच फार. नुसती कडी वाजली तरी आधी वाईट मनात येतं आणि मग दार उघडते. अक्कांना हे ठाऊक आहे. "सुमन, आधी खाली बस," त्या म्हणाल्या. मी ओट्याला टेकून तिथंच फरशीवर बसले. "अप्पा गेले गं. झोपेतच गेले, तरास काई झाला न्हाई. तू येडीबागडी होऊन पळत सुटू नको, पोटात चार घास घाल अन् मग नीघ." ज्या बाईचं माणूस अजून घरातच निजवून ठेवलेलं होतं, ती बाई मला जेवून निघ म्हणत होती... भरलेला डबा मी तसाच पिशवीत टाकला आणि लातूरची गाडी धरली.

गाडीत रडू येत होतं, पण रडण्याच्या बरोबरीनं एक भीतीही शेजारी बसली होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी ज्या दुरुस्ती केंद्रात काम करते तिथं चावीची, जुनी, चांगल्या बनावटीची घड्याळं येतात. त्यात काही क्रोनोग्राफ असतात, म्हणजे वेळ दाखवायचा तो दाखवतातच, वर शर्यतीसारखा वेळ मोजायचीही त्यात सोय असते. बाजूला दोन बटणं. वरचं दाबलं की मधला लांब, बारीक काटा धावायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणि खालचं दाबलं की टुणकन उडी मारून बाराच्या खुणेवर परत येतो. म्हणजे यायला पाहिजे. माझ्या हातून गेलेल्या घड्याळांत तो बाराच्या केसभर अलीकडं थांबत होता. वेळ बरोबर, चाल बरोबर, सगळं बरोबर, फक्त तो एक काटा जरासा वाकडा. तपासणीतून घड्याळ परत माझ्या टेबलावर यायचं आणि आमच्या मॅडम म्हणायच्या, "सुमन, इन्नोंदु सल नोडी." पुन्हा एकदा बघ. मी पुन्हा बघायची. मला काटा सरळच दिसायचा! पुन्हा काढून बसवायची, पुन्हा परत यायचं. शेवटी मॅडमनी आवाज न चढवता सांगितलं, की असंच चाललं तर क्रोनोग्राफ दुसऱ्याकडं देऊ आणि तुला सेल आणि पट्टे बदलायला बसवू. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच रविवारी मी अप्पांना फोन केला होता. त्यांनी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, "एकाच जागी चुकतंय का दर खेपेला येगळ्या?" मी म्हटलं एकाच, बाराच्या जरा अलीकडं. "मग पोटात काई बिघाड न्हाई. काटाच बसवताना चुकलालीस तू." मी म्हटलं, अप्पा, बसवताना मला अगदी बरोबर दिसतो हो. फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "दिवाळीला येतीस न्हवं? ये. तुझा हात बघतो. फोनवर हात दिसत न्हाई." त्या एका वाक्यावर मी पुढचे दिवस ढकलत होते. आता कुणाला हात दाखवायचा?

अप्पांची आणि माझी ओळख एका हरवलेल्या स्क्रूमुळं झाली. माझं माहेर नांदेड जिल्ह्यातल्या उमरी तालुक्यातलं. आठवीनंतरची शाळा उमरीत होती आणि एसटी शाळा भरल्यावर पोचायची, म्हणून शिक्षण तिथंच संपलं. लग्न होऊन लातूरला आले. मिस्टर डाळ मिलमध्ये होते. गोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत अप्पांचं दुकान, रुंदीला एक टेबल आणि एक माणूस मावेल एवढंच. मी भिंतीवरच्या घड्याळाला सेल घालून घ्यायला गेले, तर अप्पा टेबलाखाली गुडघ्यावर बसलेले आणि अक्का खुर्ची धरून उभ्या. "काय शोधून राहिलेत?" मी विचारलं. अक्का म्हणाल्या, "ह्यांचा जीव. तिळाएवढा स्क्रू हाय, सकाळधरनं घावंना." आमच्याकडं कानातल्या फुलाची फिरकी पडली की बायका काय करतात, तेच मी केलं. दुकानाचं शटर अर्धं ओढायला लावलं, मोबाइलची बॅटरी जमिनीला आडवी टेकवली आणि गाल फरशीला लावून बघितलं. स्क्रू पायपुसण्याच्या कडेला चमकत होता. अप्पांनी तो चिमट्यानं उचलला, माझ्याकडं बघितलं, मग अक्कांकडं बघितलं. "उद्या काय करलालीस?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, घरीच आहे. "मग हितं ये." एवढीच माझी मुलाखत.

घरी सांगितलं तर मिस्टर हसले, म्हणाले, तू गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून तीनदा परत येतेस, तुला कसं जमायचं? मीही अप्पांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की मी फार भित्री आहे, माझ्या हातून काही मोडलं तर? अप्पांना ते ऐकून आनंदच झाला. "भ्या वाटतंय ना? मग तू ह्या कामाचीच हायस. ज्याला भ्या वाटत न्हाई त्यो जोर लावतो. घड्याळाला जोर चालत न्हाई." माझ्या भित्रेपणाला चांगलं म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. माहेरी त्यावरून बोलणी खाल्लेली, सासरी चेष्टा. अप्पांनी त्याला टेबलावर जागा दिली.

मग शिकणं सुरू झालं. अप्पा समजावून सांगणारे नव्हते. ते काम करायचे आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसून बघायची. चिमटा कसा धरतात, श्वास कधी रोखतात, कुठला भाग कुठल्या वाटीत ठेवतात, सगळं बघून बघून घेतलं. भिंग ते एका डोळ्याला लावायचे, तसं मी लावायची. मान ते जराशी डावीकडं कलती ठेवायचे, माझीही तशीच कलायची. गिऱ्हाईकं हसायची, "अप्पा, ही तुमची सावली का हो?" अप्पा म्हणायचे, "सावली बरी. सावली चहा मागत न्हाई." मी तर चहा करून आणायची, तरी हे वर.

क्रोनोग्राफ लातुरात फार यायचे नाहीत, पण एक हमखास यायचं, उदगीरच्या बिरादार सरांचं. सर शाळेत खेळ शिकवायचे. निवृत्त झाल्यावर पहाटे मैदानावर पोलीस भरतीच्या पोरींना पळवायला लागले. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेकंद मोजायची सोय, पण सर मात्र मनगटावरचं चावीचं क्रोनोग्राफच वापरणार. एकदा ते दुकानात आले ते तक्रार घेऊनच. "अप्पा, काटा शून्यावर येईना. पोरी म्हणतात, सर, तुमच्या घड्याळानं आमचे सेकंद खाल्ले. जरा काटा उपटून बारावर बसवून द्या की, दहा मिनिटांचं काम." अप्पांनी घड्याळ हातात घेतलं, बटण दाबत राहिले. चालू, बंद, शून्य. चालू, बंद, शून्य. काटा एकदा बाराच्या पुढं थांबायचा, एकदा मागं, एकदा भलतीकडंच. "हे बसवून भागायचं न्हाई सर. उघडावं लागंल, धुवावं लागंल."

"अहो पण चालतंय की!"

"चालतंय म्हनूनच म्हनलालो. ह्येच्या पोटात बदामासारखी एक चकती हाय. बटन दाबलं की तिच्यावर हातोडी पडती अन् काटा शून्यावर येतो. तेल वाळलं की हातोडी पुरती पडत न्हाई, काटा वाटंल तिथं थांबतो. मी नुसता काटा बसवून दिला तर आज बारावर दिसंल, उद्या पुना भलतीकडंच. तेल वाळल्यावर बी घड्याळ लगेच थांबत न्हाई, ते कोरडं चालत राहतंय, अन् आतलं पोलाद घासत राहतंय. थांबल्यावर आनलं तर माझ्या हाती नुसती भुकटी लागती."

"मग आणायचं कधी? मला काय कळणार आतलं?"

"आतलं कळायला न्हाई लागत. पुरी चावी देऊन बी दुसऱ्या सकाळपस्तोर टिकंना, बटन कडक लागाय लागलं, न्हाई तर हा शर्यतीचा काटा सोडला की टाइमाचे काटे मागं पडाय लागले, की उचलून आनायचं. अन् ह्यातलं काई झालं न्हाई तरी चार-पाच वर्सांनी एकदा आनायचंच." सरांनी घड्याळ ठेवलं. जाताना म्हणाले, "पोरींना काय सांगू?" अप्पा म्हणाले, "सांगा, घड्याळ न्हाई म्हनून सर सुट्टीवर हाईत."

अप्पा स्वतःलाही हाच नियम लावायचे, हे मुद्दाम सांगते. लोक म्हणतील, दुसऱ्याची घड्याळं वेळेवर उघडणारा स्वतःकडं लक्ष देत नसेल. तसं नव्हतं. रक्तदाब दाखवायला ठरल्या दिवशी जायचे, गोळी चुकवायचे नाहीत. दवाखान्यातून आले की अक्का रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "ह्यांचं सर्व्हिसिंग झालं बरं का आज." अप्पा लगेच, "वॉरंटी मात्र दिली न्हाई डाक्टरनं."

अप्पांचं एकच दुखणं डॉक्टरांना आवरलं नाही, ते मानेचं. जन्मभर टेबलावर वाकून मणके झिजले होते. मान उजवीकडं आणि सरळ खाली अशी वळायचीच नाही, म्हणून ती डावीकडं कललेली. मान कलती असली की माणूस तबकडीकडं बाजूनं बघतो. काटा तबकडीच्या वर असतो, दोन्हीत फट असते, त्यामुळं बाजूनं बघणाऱ्याला काटा खुणेवर दिसतो आणि असतो मात्र खुणेच्या अलीकडं. एरवीच्या काट्यांना ते चालून जातं. क्रोनोग्राफला चालत नाही. म्हणून क्रोनोग्राफचा काटा बसवायची वेळ आली की अप्पा हाक मारायचे आणि अक्का घरचं काम टाकून टेबलाच्या पलीकडं येऊन उभ्या राहायच्या. बरोबर वरून बघायच्या आणि सांगायच्या. पण समोरासमोर असल्यावर एकाची उजवी ती दुसऱ्याची डावी! आधी यावरून रोज भांडणं व्हायची म्हणे. मग त्यांनी ठरवलं की डावं-उजवं म्हणायचंच नाही. दुकानात बसलं की अप्पांच्या डाव्या अंगाला नांदेडचा रस्ता आणि उजव्या अंगाला सोलापूरचा. त्यामुळं अक्का म्हणायच्या, "सोलापूरकडं घ्या जरासं... अजून... बास. लई झालं, थोडं नांदेडकडं या." गिऱ्हाइकाला वाटायचं ही दोघं कुठं प्रवासाला निघाली आहेत. मला हा त्या दोघांचा लाडिक खेळ वाटायचा. मानेचं कारण मला माहीत होतं, पण माझ्या मानेशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

पुढं मिस्टरांना बेंगळुरूला एका कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही लातूर सोडलं. मला वाटलं आता माझं घड्याळाचं काम संपलं. अप्पांनीच पत्ता काढून मला दुरुस्ती केंद्रात पाठवलं. शाळेचा दाखला आठवीचा, त्यावर कोण घेईल म्हणून मी रडकुंडीला आले होते. अप्पा म्हणाले, "दाखला त्यांना दाखव अन् हात घड्याळाला दाखव." घेतलं. भाषा येत नव्हती, पण अप्पांच्या घरात कानावर पडलेली कन्नड उपयोगी आली. आज परगावात माझा स्वतःचा दिवा आहे, स्वतःचा चिमटा आहे, सगळे मला नावानं ओळखतात. हे सगळं अप्पांमुळं, आणि हे मी त्यांना तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, "बरं बरं, दिवा नीट सरळ कर आधी."

लातूरला पोचले तोवर सगळं झालेलं होतं. घरात माणसं होती, अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारची जागा हातानं पुसली. मी तिथं बसले. दिवसकार्य होईपर्यंत मी थांबले. पाहुणे पांगल्यावर अक्का मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीपाशी अप्पांचं दुकानातलं टेबल आणून ठेवलेलं होतं. दुकान भाड्याचं, ते सोडावंच लागणार होतं. टेबलावर एका ताटात काचेच्या उपड्या ग्लासाखाली एक उघडं घड्याळ होतं. बिरादार सरांचं. सरांनी या खेपेला सांगितल्यासारखं वेळेवर आणून दिलं होतं. अप्पांनी ते धुऊन, तेल घालून, जवळजवळ जुळवून ठेवलं होतं. तबकडीही लावली होती. काटे तेवढे राहिले होते. अक्कांनी ते ताट मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आणलं होतं, रिक्षावाल्याला खड्ड्याखड्ड्याला शिव्या देत.

"गावातला एकजण म्हनला, द्या, मी बसवून देतो," अक्का म्हणाल्या. "मी म्हनलं, न्हाई. सुमन बसवंल."

मी त्यांना सगळं सांगितलं, बेंगळुरूचं, परत येणाऱ्या घड्याळांचं, मॅडमचं. म्हटलं, अक्का, माझ्या हातून हाच काटा वाकडा बसतो. आणि हा काटा जुना आहे, याची नळी झिजलेली आहे. काढघाल फार झाली तर ती फाटेल आणि असा काटा आता कुठं मिळायचा नाही. अप्पांचं शेवटचं घड्याळ माझ्या हातून बिघडलं तर मी पुन्हा कुठल्या टेबलाशी बसायची नाही... अक्कांनी ऐकून घेतलं. "झालं बोलून? बस आता."

बसले. वेळेचे काटे लावले, छोट्या तबकड्यांचे लावले. खालचं बटण दाबलं, म्हणजे आतली हातोडी बदामावर पडून राहते आणि काटा शून्यावर बसवता येतो. मग श्वास रोखून लांब काटा बाराच्या खुणेवर ठेवला आणि अलगद दाबला. मला अगदी सरळ दिसला. अक्का पलीकडून वाकल्या. "नांदेडकडं घे जरासा."

मी काटा काढला, जरासा डावीकडं सरकवून पुन्हा बसवला. अक्का बघून कपाळाला हात लावायच्याच बाकी राहिल्या. "अगं कुठं चाललीस? नांदेडकडं म्हनलं मी!"

"नांदेडकडंच घेतला की अक्का. डावीकडं."

"ते दुकानात! हितं टेबल उलटं लावलंय, आता नांदेड तुझ्या उजव्या हाताला हाय. उमरीची लेक तू, अन् तुला तुझं नांदेड कुठं हाय ते कळंना व्हय गं?" आणि अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच अक्का हसल्या. मीही हसले आणि काटा पुन्हा काढला. दोनदा काढून झाला होता. नळी सैल झाली होती. ती चिमट्यानं हलकेच आवळली, आता पुन्हा आवळायला जागा उरली नव्हती. एवढा एकच डाव राहिला होता. मी काटा पुन्हा उचलला, भिंग लावलं, वाकले...

"थांब," अक्का म्हणाल्या. त्या घड्याळाकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. उठून माझ्या मागं आल्या. "सुमन, तुझी मान दुखती का?"

"नाही तर."

"मग अशी वाकडी करून का बसलीस? त्यांची मान वळायची न्हाई म्हनून ते तसं बसायचे. तुला काय धाड भरली?" आणि त्यांनी माझं डोकं दोन्ही तळहातांत धरून सरळ केलं. वेणी घालताना लेकीचं डोकं धरतात तसं. "हं. आता बघ."

मी बघितलं. चिमट्यातला काटा मी जिथं टेकवणार होते, तिथून बाराची खूण चांगली केसभर लांब होती. इतकी लांब, की कुणालाही दिसावी. मला इतकी वर्षं दिसली नव्हती. मी अप्पांकडून सगळं बघून शिकले, चिमटा, श्वास, भिंग, आणि त्यांचं दुखणंसुद्धा विद्याच समजून उचललं. ते तसं बसतात म्हणजे तसंच बसायचं असतं! त्यांच्या समोर चूक सांगायला अक्का होत्या. बेंगळुरूला माझ्या समोर कुणी नव्हतं. अप्पा फोनवर थांबले होते, तेव्हाच त्यांना हे कळलं होतं की काय... नक्की सांगता येत नाही. पण हात बघतो म्हणाले होते, तो त्यांच्या घरात बघितला गेला खरा.

मान अवघडली, सवय नव्हती. अक्कांनी हात काढले नाहीत. काटा बाराच्या खुणेवर टेकवला आणि दाबला. चालू, बंद, शून्य. बारावर. चालू, बंद, शून्य. बारावर. अक्का पलीकडं गेल्या, एक डोळा मिटून वरून बघितलं. मग ग्लास उचलून घड्याळावर पुन्हा उपडा ठेवला, धूळ बसू नये म्हणून.

बिरादार सर घड्याळ न्यायला आले, अप्पांच्या फोटोपुढं बसले. मग बाहेर येऊन बटण दाबून बघितलं. पुन्हा पुन्हा बघत राहिले. "आता पोरी मला चिडवणार कशावरून?" म्हणाले आणि रुमाल काढला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अक्कांनी बाजूला बसवून घेतलं. मी म्हटलं, अक्का, तुमचा डोळा किती बारीक बघतो. त्या म्हणाल्या, "एकच बघतो. दुसऱ्यात मोतीबिंदू झालाय, समदं धुरकट. डाक्टर म्हनले आता काढून टाका. हे ह्या थंडीत नेनार व्हते." मग लगेच, "पर घड्याळाला एकच डोळा लागतो, लागतोच कशाला दुसरा?" असं म्हणून शेंगा सोलायला बसल्या. त्यांना लेकरूबाळ नाही. कोण नेणार हे त्यांनीही बोलून दाखवलं नाही आणि मीही त्या वेळी विचारलं नाही.

बेंगळुरूला आल्यावर पहिला क्रोनोग्राफ तपासणीला दिला तो परत आला नाही. दुसराही नाही. मॅडमनी विचारलं, लातूरला कुठला कोर्स केलास का? मी म्हटलं, हो. आता टेबलाशी बसले की दर थोड्या वेळानं मी मान सरळ करते, आणि दर वेळी डोक्याच्या दोन्ही बाजूंना तळहात असल्यासारखं वाटतं. अधूनमधून मान आपोआप डावीकडं जाते. मग मी तिला थोडा वेळ तशीच राहू देते. काट्याचं काम नसेल तेव्हा काही बिघडत नाही. तेवढा वेळ अप्पा असतात.

मॅडमकडं मी सुट्टी मागून ठेवली आहे. अक्का, हे तुम्ही शेजारणीकडून वाचून घ्याल, किंवा त्या एका डोळ्यानं वाचाल. ते डोळ्याचं ऑपरेशन मी करून आणणार आहे. दवाखान्यात तुमच्या शेजारी मी बसणार, पट्टी काढल्यावर ठरल्या वेळी थेंब मी घालणार, आणि वाकू नका म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा तुम्ही ऐकणार नाही, तर तुमचं डोकं दोन्ही हातांनी धरून मी सरळ ठेवणार. तुम्ही माझ्यासाठी केलं ते यानं फिटत नाही, एवढं मला कळतं. पण सुरुवात तरी करू द्या.